आधी बसायला जागा, मग गोष्ट

सांगली-मिरज भागातल्या एका क्विअर ग्रुपचा (गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे मंडळींचा) प्रश्न थोडक्यात असा: व्हॉट्सॲपवर तीसेक जण आहेत, रोज गप्पा होतात. आता काहींना वाटतंय की आपापल्या गोष्टी सांगण्याचा एक कार्यक्रम करावा. तो सगळ्यांना खुला ठेवायचा की फक्त आपल्यापुरता? एवढ्याशा शहरात जागा कुठून आणायची? आणि ग्रुपमधल्याच एकाचा आक्षेप, की बोलणं फोनवर होतंच आहे, मग प्रत्यक्ष भेटण्याची जोखीम कशाला?

आधी आक्षेप घेणाऱ्याचं ऐकू, त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. लहान शहरात चौकाचौकात ओळखीचा माणूस भेटतो. फोनवर नाव बदलता येतं, फोटो न लावता राहता येतं. ज्याच्या घरी काहीच माहीत नाही त्याला ही सोय मोठी आहे. पण तुमच्याच ग्रुपकडे बघा. तीस जणांपैकी बोलतात किती? मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर चार-पाच जण लिहितात आणि बाकीचे वाचतात. वाचणारा तिथे आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. खोलीत बसलं की गप्प माणसालाही चहा मिळतो, त्याच्यासाठी सतरंजीवर सरकून जागा केली जाते, तो हसला की समोरच्याला दिसतं. आपण इथले आहोत असं वाटायला तोंड उघडावं लागत नाही. तसं वाटायला लागलं की मग माणूस हळूहळू बोलतो, कधीकधी सहा महिन्यांनी. म्हणून माझा आग्रह असा, की कार्यक्रमाचं नंतर बघू. आधी महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, नेमाने भरणारी बैठक सुरू करा.

दुसरं कारण वयाचं. तासगावच्या बावीस वर्षांच्या मुलाने गे माणसं पाहिलेली असतात ती ॲपवर आणि वेब सिरीजमध्ये, बहुतेक तिशीच्या आतली आणि जिममधली. पंचावन्न वर्षांचा, बँकेतून व्हीआरएस घेतलेला, बीपीची गोळी चुकवणारा, जोडीदाराशी कोथिंबीर कुणी आणायची यावरून वाद घालणारा माणूस त्याने पाहिलेलाच नसतो. त्यामुळे त्याला स्वतःचं पुढचं आयुष्य डोळ्यांसमोर आणताच येत नाही. त्या वयाची माणसं ग्रुपवर नसतात, असली तरी 'सुप्रभात' पाठवतात. बैठकीला मात्र येतात, आणि एकदा यायला लागली की चुकवत नाहीत.

जागेचं हे महत्त्व आपल्याकडच्या चळवळीला फार आधी कळलं होतं. १९९० साली अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे गे लोकांसाठीचं नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये त्याच लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला आणि पुढे वाकोल्याला, मुंबई महापालिकेच्या इमारतीत, त्यांना बसायला जागा मिळाली. गंमत बघा, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जसंच्या तसं लागू होतं. सरकारचा एक हात गुन्हेगार ठरवत होता आणि दुसरा खोलीची किल्ली देत होता. कारण अर्थात एचआयव्ही रोखायचा होता. त्याच निधीवर पुढे राज्यात ठिकठिकाणी ड्रॉप-इन सेंटर निघाली. तुमच्यातल्या वयाने मोठ्या कुणी ती पाहिली असतील: भिंतीला मोठा आरसा, कोपऱ्यात कॅरम, कपाटात कंडोमची खोकी आणि दाराशी रजिस्टर. कागदोपत्री ती आरोग्यसेवा होती. कोती, म्हणजे बायकी वागण्या-बोलण्याची मुलं यायची ती आरशासाठी आणि गप्पांसाठी. कामावरून सुटून तास-दोन तास एकमेकींना 'अगं' म्हणता यावं म्हणून. या राज्यातल्या किती जणांनी स्वतःची गोष्ट पहिल्यांदा त्या कॅरमभोवती सांगितली असेल!

पण त्या व्यवस्थेत एक खोट होती आणि तिचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. पैसा आजाराचा होता, म्हणून किती तपासण्या झाल्या आणि किती कंडोम वाटले यावर खोलीचं भाडं अवलंबून राहिलं. निधी आटला की खोली बंद. आणि बायकांना त्या हिशोबात जागाच नव्हती. मुंबईत १९९५ मध्ये 'स्त्री संगम' सुरू झाला, तोच पुढे 'लेबिया'. लेस्बियन, बायसेक्शुअल बायका आणि ट्रान्स माणसांचा हा गट संस्थेच्या पगारी यंत्रणेशिवाय, स्वतःच्या बळावर चालत आला. त्यांनी जन्मतः मुलगी ठरवल्या गेलेल्या पन्नास क्विअर माणसांच्या जीवनकहाण्या ऐकून २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ते काम मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की ऐकणारेही त्याच समाजातले होते. असं ऐकणं वर्षानुवर्षं एकत्र बसल्याशिवाय जमत नाही.

आपल्या माणसांत बसून स्वतः सांगितलेली गोष्ट आणि परक्यांनी ओढून बाहेर काढलेली गोष्ट, यातलं अंतर बघायचं असेल तर प्रा. रामचंद्र सिरस आठवा. नागपूरचा हा माणूस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचा, मराठीत कविता लिहायचा. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, दुसऱ्या दिवशी ते निलंबित झाले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवडाभरातच ते त्यांच्या खोलीत मृत सापडले. दिल्ली उच्च न्यायालयाने खाजगीतले संबंध गुन्हा नाहीत असं म्हटल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कायदा त्यांच्या बाजूने होता. त्यांच्या आयुष्याची गोष्ट देशभर पोचली, पण पहिली सांगितली ती घुसखोरांनी. मराठीचा प्राध्यापक, आणि त्या गावात मराठीत मन मोकळं करायला चार माणसं तरी असतील का, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

कायद्याचं म्हणाल तर दिल्लीचा तो निकाल मधे फिरवला गेला, पण ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्याला ३७७ मधून सोडवलं, तेव्हापासून आपण गुन्हेगार नाही. २००१ साली लखनौमध्ये एचआयव्हीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कार्यालयावर पोलिसांनी धाड टाकून त्यांना दीड महिन्यावर तुरुंगात ठेवलं होतं, तसलं भय आता बैठकीला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाकारला, ते वेगळं दुःख. बैठकीला खरा अडथळा आज कायद्याचा कमी आणि सोसायटीच्या वॉचमनचा जास्त आहे.

तर आता जागेकडे येतो. कुणाच्या फ्लॅटवर भरवायचा मोह होईल, फुकट असतं. पण गेटवर रजिस्टर असतं: नाव, मोबाईल नंबर, कुठल्या फ्लॅटमध्ये, किती वाजता. दोन-तीन महिन्यांत वॉचमनच्या लक्षात येतं की 'त्या' फ्लॅटमध्ये दर महिन्याला वेगवेगळी पोरं येतात, एखादी साडी नेसलेली 'बाई' येते, आणि मग घरमालकाचा फोन. ज्याचं घर त्याने ते गमवायची तयारी ठेवावी लागते, म्हणून मी कुणाला हे सुचवत नाही. कॅफेत दुसरी अडचण. कॅमेरे असतात, शेजारच्या टेबलावर आतेभाऊ निघू शकतो, आणि दीडशे रुपयांची कॉफी घेतल्याशिवाय बसता येत नाही. ज्याच्या खिशात येण्या-जाण्याच्या एसटीचे पैसे जेमतेम आहेत तो दुसऱ्यांदा येत नाही, आणि का आला नाही ते सांगतही नाही.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिथे वेगवेगळी माणसं कायम येत-जात असतात, त्यामुळे आणखी दहा आल्याचं कुणाला काही वाटत नाही. वाचनालयाचा वरचा हॉल, कामगार संघटनेचं कार्यालय, रविवारी रिकामा असलेला क्लास, सामाजिक संस्थेची बैठकीची खोली. तुमच्या सांगलीतच 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या महिलांबरोबर काम करते आहे, तिथून 'व्हॅम्प' ही त्या महिलांची स्वतःची संघटना उभी राहिली आणि 'मुस्कान' ही पुरुष व ट्रान्स सेक्सवर्करांची. त्या माणसांना जाऊन भेटा. खोली देतील न देतील, पण गावातला पोलीस, गावातला गुंड आणि गावातला पत्रकार यांच्याशी कसं वागायचं हे त्यांना पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ट्रेनरपेक्षा जास्त ठाऊक आहे.

सांगली की मिरज? मी मिरज म्हणेन. जंक्शन आहे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूरकडून गाडी येते, आणि मुख्य म्हणजे दवाखान्यांचं गाव. 'मिरजेला डॉक्टरकडे जाऊन येतो' म्हटलं की घरी पुढचा प्रश्न येत नाही. हसू नका, कोण येऊ शकतं हे अशाच गोष्टींवर ठरतं.

वेळेचंही तसंच. शनिवारी संध्याकाळी सातला ठेवलीत तर नोकरी करणारे, गाडी असणारे पुरुष येतील, एवढेच. घरात राहणाऱ्या मुलीला सातनंतर बाहेर पडायला कारण लागतं. दुपारी दोन ते पाच तिला जमतं. मंगतीला (दुकानोदुकानी पैसे मागायला) किंवा धंद्यावर जाणाऱ्या ट्रान्स बायकांचं वेळापत्रक आणखी वेगळं, त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. शेवटच्या एसटीच्या तासभर आधी संपवायचं. आणि संडास आतून कडी लागणारा, एकट्याने वापरायचा असावा. जिथे 'पुरुष' आणि 'स्त्रिया' अशा दोनच पाट्या आहेत तिथे ट्रान्स माणूस तीन तास पाणी न पिता बसतो.

आता गोष्टींबद्दल, कारण तुमचा उत्साह तिथे आहे. 'तुला कधी कळलं?' आणि 'घरी कधी सांगितलंस?' या दोन प्रश्नांवर बैठक उभी करू नका. हे प्रश्न बाहेरच्यांचे आहेत. ज्याने घरी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, त्याला वाटतं आपल्याकडे गोष्टच नाही. एक साधा विषय द्या, जो सगळ्यांना लागू पडेल: भाड्याची खोली. गणपतीत गावी जाणं. मोठ्या भावाचं लग्न. शाळेतल्या गॅदरिंगचा नाच. कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणाल तर त्यावर अख्खी दुपार जाते. वधू-वर सूचक मंडळात वडिलांनी नाव घातलंय, बायोडाट्यात 'छंद' काय लिहायचे यावर चर्चा चाललीय, आणि हा मुलगी बघायला जाऊन तिच्या भावाकडे बघत बसलाय. मुलीही सांगतात, त्यांच्या गोष्टीतला विनोद जास्त काळा असतो. लोक पोट धरून हसतात आणि त्या हसण्यातच कुणीतरी सांगून जातं की त्या मुलीशी आपलं खरंच लग्न झालं, ती आजही घरी आहे आणि तिला काही माहीत नाही. त्या जागी हसू थांबतं. ते भाषणात सांगितलं गेलं नसतं. आणि तिथे 'तू तिला फसवलंस' असा निवाडा द्यायला कुणी उठलं तर त्याला थांबवणं हे सूत्रधाराचं काम. त्या बायकोची बाजू मोठी आहे, तिच्याबद्दल बोलायलाच हवं, पण तो माणूस पुन्हा आला तर बोलता येईल.

पहिली गोष्ट कोण सांगणार हे आधीच ठरवून ठेवा. पहिल्या गोष्टीचा सूर पुढचे सगळे उचलतात. सुरुवातच आत्महत्येच्या प्रयत्नाने झाली तर पाठोपाठ पाच जण आपली सगळ्यात काळी रात्र काढून ठेवतात आणि संध्याकाळी प्रत्येक जण एकटा एसटीत बसून घरी जातो. म्हणून आरंभाला मधली गोष्ट हवी, थोडी हसरी आणि खरी. दर माणशी सात-आठ मिनिटं पुरतात. नंतर सल्ला नाही. 'तू असं करायला हवं होतंस' हे वाक्य बैठकीत बंद. आडनाव विचारायचं नाही, कारण आपल्याकडे आडनावाच्या मागे काय शोधलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. जात विषय म्हणून येऊ नये असं मात्र मी म्हणत नाही, यायलाच हवी. तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख कवितेतून आणि भाषणांतून बोलतात तेव्हा जात आणि तृतीयपंथी असणं अशी दोन वेगळी खाती उघडत नाहीत. तुमच्या खोलीतही कुणाला तसं बोलावंसं वाटेल, तेव्हा 'इथे आपण सगळे सारखेच' म्हणून त्याला गप्प करू नका.

गोष्ट स्वतःचीच सांगायची. जुन्या जोडीदाराचं नाव, गाव, कंपनी बदलून. मिरजेत 'गणेश तलावाजवळचा मेडिकलवाला' म्हटलं की नाव घ्यायची गरज उरत नाही, हे सांगणाऱ्याला भरात कळत नाही, तेव्हा सूत्रधाराने अडवावं. फोन एका टोपलीत. रेकॉर्डिंग नाही, 'फक्त माझ्यासाठी' म्हणूनही नाही. आणि शक्यतो मराठीतच चालवा, हिंदी-कानडी येईल तशी येऊ दे. पुण्यात मी पाहिलंय, दोघं इंग्रजीत सुरू झाले की सहा जण माना डोलवायला लागतात आणि त्यातले चार पुढच्या वेळी येत नाहीत.

अठरा वर्षांखालच्यांना बैठकीत घेऊ नका. मला हे लिहिताना वाईट वाटतं, सगळ्यात एकटी तीच मुलं असतात. पण पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्याने, अल्पवयीन मुलाशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं ऐकणाऱ्यावर बंधनकारक आहे. सतरा वर्षांच्या पोराने भाबडेपणाने काही सांगितलं तर त्याचं आणि तुमचं काय होईल याचा विचार करा. त्याच्याशी बोलायला ओळखीचा समुपदेशक गाठून ठेवा. मोठ्यांसाठीही दोघांनी ठरवून घ्यावं, की कुणी रडत बाहेर गेलं तर मागे कोण जाणार. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो नंबर दाराजवळ लावून ठेवा. मात्र 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचं नाव कुणी पुढे केलं तर तिथल्या तिथे सांगा की समलिंगी असणं हा आजार नाही आणि अशा 'उपचारां'ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

खुला कार्यक्रम करायचा की नाही? करा, पण वर्षाने. दरमहाची बैठक आपल्यापुरतीच राहू द्या. बाहेरच्यांसमोर गोष्ट बदलते. समोर सहानुभूती घेऊन बसलेले चेहरे असले की सांगणारा नकळत दुःख मोठं करतो आणि शेवटी सगळं छान झाल्याचं सांगतो, टाळ्या मिळतात. जून महिन्यात, 'प्राइड मंथ' म्हणून, कंपन्यांचे एचआरवाले फोन करतात, 'एखादी इन्स्पायरिंग स्टोरी' मागतात. जायचं तर मानधन आधी ठरवून जा, प्रवासखर्च वेगळा, आणि ट्रान्स बाईला बोलावलंय तर तिचा दिवसाचा बुडालेला रोजगार त्यात धरा. आईवडिलांना मात्र वेगळं बसवावं. मुंबईत 'स्वीकार' हा पालकांचा गट २०१७ पासून हेच करतो आहे. पालकांना दुसऱ्या पालकाचंच पटतं, आपलं नाही.

तुमच्या भागाबद्दल एक विषयांतर. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात जोगते आहेत, यल्लमा देवीला सोडलेले पुरुष, डोक्यावर 'जग' (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन सौंदत्तीला तिच्या देवळात जाणारे, चौंडकं आणि तुणतुण्यावर यल्लमाची गाणी म्हणणारे. साडी नेसलेला पुरुष गावासमोर उभा राहून गोष्ट गातो आणि गाव बसून ऐकतं, हे तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्याचं उदात्तीकरण करू नये. कोवळ्या वयात देवाला सोडलेल्या मुलांची फरफट त्यात आहे आणि महाराष्ट्रात २००६ पासून देवदासी प्रथेविरुद्ध नवा कायदाही आहे. पण बैठकीचं निमंत्रण इंजिनियरिंगच्या मुलांपुरतं न ठेवता एखाद्या म्हाताऱ्या जोगत्यापर्यंत पोचवा. स्वतःला क्विअर म्हणवून घ्यायला तो राजी असेलच असं नाही, आणि तशी अट घालायचं कारणही नाही. गोष्ट सांगायची कशी, श्रोत्याला धरून कसं ठेवायचं, हे तो तुम्हाला दहा मिनिटांत दाखवेल.

पहिल्या महिन्यांत दोघंच आले तर दोघंच बसा, पूर्ण वेळ. 'आज कुणी नाही, पुढच्या वेळी बघू' असं एकदा केलंत की त्या दिवशी हिंमत करून बंद दारापर्यंत आलेला माणूस परत फिरतो आणि तुम्हाला ते कधी कळतही नाही. किल्ली एकाकडे ठेवू नका. चालवणारा दमतो, लग्न करतो, बंगळुरूला जातो, आणि बैठक त्याच्याबरोबर जाते. पहिल्या वर्षातच आणखी तिघांना चालवायला शिकवा, त्यातली एक तरी बाई किंवा ट्रान्स व्यक्ती असू द्या. खर्च डब्यात, डबा दाराशी, कुणी किती टाकले ते न बघता. चहा-बिस्किटं आणि हॉलचं भाडं एवढंच असतं, मोठ्या देणगीच्या मागे लागू नका. देणगीदार आला की फोटो मागतो.

राहता राहिलं नाव. काही जण इंद्रधनुष्य, अभिमान वगैरे सुचवतील. मी म्हणेन 'वाचनकट्टा'. आईने फोनवरचा मेसेज वाचला तरी चालेल, वॉचमनने रजिस्टरात लिहिलं तरी चालेल. फक्त दर बैठकीला कुणीतरी दोन पानं खरोखर वाचा, म्हणजे घरी गेल्यावर 'काय वाचलंत?' असं विचारलं तर सांगता येईल.